आधी तिला विचार, मग देवाकडं माग

प्रिय आत्याबाई,

सलाम.

सासूला कुणी पत्र लिहितं का, ती जाऊन तीन वर्षं झाल्यावर? पण मी लिहायलेय. परवा पेडगावहून आले तवापासून आनंद पोटात मावंना झालाय. पाळकसाहेब म्हणले, "मावशी, एवढा आनंद झालाय तर रविवारी उपासनेत उभं राहून साक्ष द्या." मी न्हाई म्हणले. चार लोकांत उभं राहून कुणाचं नाव घ्यायची माझी सवय तुमाला ठाऊक हाय. त्या सवयीनंच तर सगळं झालं! म्हणून नातीची जुनी वही घेतली आन बसले. तिसरी शिकलेली बाई मी, ओळ कधी वर जाती कधी खाली. तुमाला वाचता येत नव्हतं, तवा तुमी चुका काढणार न्हाईत, ही एक सोय हाय.

तिथं आता कोण वाचून दाखवतंय तुमाला? का तिथं वाचायची गरजच न्हाई?

मी लग्न होऊन वालूरला आले तवा गल्लीत ख्रिस्ती घरं दोनच. पहिल्याच आठवड्यात, रातच्या भाकरी व्हायच्या आधी, तुमी शास्त्र माझ्या मांडीवर ठिवलं. "तुला अक्षर येतं. वाच." मी बोट ठिवून वाचायला लागले. चार-पाच ओळी झाल्या न झाल्या तोच तुमी म्हणलात, "थांब." मला वाटलं, काय तरी चुकलं.

"चुकलं न्हाई ग. एवढं आधी करून पाहू. झालं की पुढचं वाच."

मी हसले होते तवा. माझ्या माहेरी अख्खं शास्त्र वर्षात वाचून व्हायचं, आन लोक सांगायचे बी, आमचं दोनदा झालं, तीनदा झालं. तुमचं एक पान कापसाची वेचणी सुरू झाली तवा उघडलं, ते वेचणी सरली तरी उलटलं न्हाई!

पारूबाई आठवती का? घ्या, मी पण काय विचारायले! समोरच्या पाटलाच्या घरची म्हातारी. जन्मभर तिनं तुमाला वरून पाणी वाढलं, ओंजळीत. आन तवा नेमकं आपलं वाचन कुठं आलं होतं, तर जे आपल्याशी वाईट वागतात त्यांच्याशी चांगलं वागा, तिथं. तुमी "थांब" म्हणलात आन आठ दिवस नुसत्या विचार करत बसलात. तेवढ्यात पारूबाईच्या अंगावरून वारं गेलं, ती अंथरुणाला खिळली. सुना दिवसभर रानात. तुमी फणी आन खोबऱ्याच्या तेलाची बाटली घेतली आन गेलात. मी मागं मागं.

"कशाला आलीस ग?" पारूबाई वाकड्या तोंडानं वरडली. "माझा धरम बाटवायला?"

"केस इंचरायला आले. धरम तुमचा तुमच्यापाशी राहू द्या पाटलीणबाई. उवा तेवढ्या मी नेते."

आगं बाई, मी दारातच पदर तोंडात कोंबला! दीड महिना गेलात तुमी. रोज शिव्या खाल्ल्या. मग एक दिवस घरी येऊन टेकलात आन म्हणलात, "आज म्हणली, उशीर का केलास. हं, काढ शास्त्र. वाच पुढचं."

तुमच्यावानी प्रार्थना मी कुठं पाहिली न्हाई. भाकरी थापता थापता चालायची. मी विचारलं, आत्याबाई, डोळे तरी मिटा की. तर म्हणलात, "डोळे मिटले तर भाकरी करपती. करपलेली भाकरी खायला घालून वर देवाचं नाव घ्यायचं, ते त्याला आवडंल का?"

तुमी देवदूत होता असं मी म्हणणार न्हाई. माझ्या चहाला शेवटपर्यंत नावं ठिवलीत. "ह्याला चहा म्हणत्यात व्हय? ह्यात तर मी पाय धुतले असते." म्हणलात ना पाळकसाहेबांपुढं? माझी मान खाली गेली होती. ते मी माफ केलंय बरं का. आत्ता, लिहिता लिहिताच केलं.

आता मुद्द्यावर येते. टाळायलेय खरं तर.

सहा वर्षं झाली. लीला, माझी धाकटी जाऊ, तुमची लाडकी सून. धाकले भावजी गेल्यापासून ती आन तिची रेखा, दोघीच त्या घरात. रेखा सासरहून आली होती. लीला सगळ्यांना सांगायची, सुट्टीला आलीय. एक दिवस आमी दोघी वाकळी धुवायला बसलो होतो. धुता धुता लीला रडायला लागली. "अक्का, पोरीला नवऱ्यानं घालवून दिलंय. कुणाला सांगू नका."

मी सांगितलं न्हाई, आत्याबाई! एका माणसाला सांगितलं न्हाई. गुरुवारी आपल्या घरी सभा होती. वीस-बावीस माणसं. माझी पाळी आली प्रार्थनेची. आन माझं तोंड सुटलं. "हे प्रभू, आमच्या रेखाला नवऱ्यानं घालवून दिलंय, तिचा मोडलेला संसार सावर..." वर रडले बी. मला वाटलं, काय सुंदर प्रार्थना व्हायलीय!

सगळे एका आवाजात म्हणले, "आमेन."

डोळे उघडले तर लीला उठलेली. तोंडावर पदर. पायात एक चप्पल तिची, एक दुसऱ्याच कुणाची. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गिरणीवर दळण घ्यायला आलेल्या बायका रेखाचं विचारायला लागल्या.

संध्याकाळी तुमी शास्त्र माझ्यापुढं ठिवलं. मी वाचलं. देवापुढं दान ठिवायला निघालास आन आठवलं की कुणाचं तरी मन तुझ्यामुळं दुखलंय, तर दान तिथंच ठिव, आधी जाऊन समेट कर, अशा अर्थाचं होतं.

"थांब," तुमी म्हणलात.

मला राग आला. "मी कशाला जाऊ? मी चुगली केली का? प्रार्थनाच केली ना!"

"प्रार्थनाच केलीस," तुमी म्हणलात. "म्हणून तर जास्त लागलं तिला. चुगलीला कुणी आमेन म्हणत न्हाई."

मी गेले न्हाई. मग पुढं काय झालं ते आपल्या दोघींनाच ठाऊक. रोज संध्याकाळी मी शास्त्र उघडायची. "आज कुठून, आत्याबाई?" "तेच वाच." दुसऱ्या दिवशी? "तेच वाच." एकदा मी लबाडी केली. दुसरंच पान काढलं आन गंभीर आवाजात वाचायला लागले. तुमाला काळं अक्षर कळत न्हाई, कसं ओळखलंत हो? "हे ते न्हाई. त्यात दान होतं. ह्यात मासे कुठून आले?"

वर्षानं लीला घराला कुलूप घालून पेडगावला गेली, रेखाला घेऊन. तरी मी गेले न्हाई. मनात म्हणायची, तिनं आधी यावं, मी थोरली हाय. तीन वर्षं तुमी तेच ऐकलंत माझ्या तोंडून, आन तेच ऐकत गेलात. शेवटी तर बोलता येईना, नुसतं बोट उचलायचात. एक विचारते, रागावू नका. हाताला धरून नेलं का न्हाई मला? एक थोबाडीत का न्हाई दिलीत? तुमी म्हणलं असतं, चल, तर मी आले नसते का?

नसते आले. खोटं कशाला लिहू.

आता मागच्या गुरुवारचं ऐका. हसू नका. मला हल्ली शिंकलं, हसलं की लघवी सुटती. ह्या वयात होतंय म्हणं. परभणीच्या डॉक्टरणीनं गोळ्या दिल्यात. हे मी सभेतल्या एकाच बाईला सांगितलं, आमच्या एलीशाच्या आईला, ती बी नळावर, कानात. गुरुवारी तिची पाळी आली. आन ती हात वर करून, डोळ्यांत पाणी आणून म्हणायली, "हे प्रभू, आमच्या शांतामावशीला लघवीचा लय तरास हाय, तिच्या साड्या खराब होत्यात, तिला सभेत बसायची भीती वाटती..."

आत्याबाई! पाळकसाहेब समोर! शाळेचे दोन मास्तर समोर!

सगळे म्हणले, "आमेन."

मी डोळे मिटूनच बसले. उघडायची हिंमत होईना. आन त्या अंधारात मला लीलाच्या तोंडावरचा पदर दिसला. तीन वर्षं तुमी जे समजावत होता ते एलीशाच्या आईनं एका मिनिटात समजावलं. तिच्यावर रागवावं म्हणलं तर रागवता बी येईना. ती प्रेमानंच मागत होती की! मी पण प्रेमानंच मागितलं होतं.

परवा सकाळी जीपनं सेलूला गेले, तिथून पेडगावला. लीला ओसरीत तूर पाखडत बसलेली. केस पांढरे झालेत तिचे. सूप हातातच ठिवून बघत राहिली.

"सभा भरवायला आलात का, अक्का?"

"न्हाई. माफी मागायला आले. चूक माझी होती."

"सहा वर्षं लागली?"

"लागली."

"वालूरहून पेडगाव एवढं लांब हाय?"

"लय लांब हाय, लीला."

ती परत पाखडायला लागली. मी उभीच. या न्हाई, बसा न्हाई. मला काय सुचंना, तर मी तिला गुरुवारचं सांगितलं. लघवीचं, मास्तरांचं, सगळं. सुपाचा आवाज बंद झाला. तिनं ओठ दाबले, खाली बघितलं, खांदे हलायला लागले.

"आन सगळे काय म्हणले?"

"काय म्हणणार! आमेन म्हणले!"

मग जी हसली आत्याबाई, तूर अर्धी अंगणात! मी हसले, आन मला पळावं लागलं, काय सांगू, तिनंच धावत जाऊन मोरी दाखवली. बाहेर आले तर ती डोळे पुसायलीय. म्हणली, "हसले म्हणून मिटलं असं समजू नका. माझ्याकडं काय माफी मागता? जिचं नाव घेतलंत, तिच्याकडं मागा."

रेखा आत मशीनवर बसलेली. ब्लाउज शिवती, गावातल्या चार पोरींना शिकवती. सगळं ऐकलं होतं तिनं. मी आत गेले आन हात जोडले. माझ्यापुढं ती कालची पोर, मी तिचं जावळ काढलेलं. हात जोडायला लय जड गेलं, खरं सांगते.

तिनं माझे हात धरून खाली केले. पण लगेच माफ केलं असं बी म्हणली न्हाई. म्हणली, "मोठी आई, त्या दिवशी वीस माणसांनी माझा संसार सावर म्हणून मागितलं. मला तो संसार नकोच होता. मीच निघून आले होते. मला कुणी विचारलंच न्हाई."

मी खाली बसले.

"आजीनं विचारलं होतं," ती म्हणली. "सभेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आली. म्हणली, रेखे, तुझ्यासाठी काय मागू? मी म्हणले, झोप माग. महिना झाला, झोप येत न्हाई. आजीनं मागितलं का न्हाई ते मला ऐकू आलं न्हाई. माझं डोकं मांडीवर घेतलं आन बसली. मी उठले तवा दिवस मावळायला आला होता. ती तशीच बसलेली, भिंतीला न टेकता."

आत्याबाई, त्या दिवशी तुमी लंगडत घरी आलात. मी विचारलं, पायाला काय झालं, तर "मुंग्या आल्या" म्हणलात. मी म्हणले, वय झालं आता. मला सांगितलं बी न्हाई! कसं सांगितलं असतं म्हणा. मला सांगणं म्हणजे गुरुवारच्या सभेला सांगणं.

मग मी रेखाला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी आधी विचारलं. "तुझ्यासाठी आता काय मागू ग?"

तिनं मशीन थांबवली. आईकडं बघितलं. लीला सूप घेऊन बाहेर गेली. मग रेखानं माझ्या कानात सांगितलं.

काय सांगितलं ते इथं लिहिणार न्हाई. जेवढं लिहिलंय तेवढं तिला फोनवर विचारूनच लिहिलंय. "इथपर्यंत लिही, मोठी आई, पुढचं नको," म्हणली.

संध्याकाळी लीला मला गाडीपर्यंत सोडायला आली. पिशवीत दोन शेर तूर घातली होती तिनं. न राहवून विचारलंच, "काय म्हणली पोरगी, अक्का?"

"तिलाच विचार."

आई हाय ती, आत्याबाई. माझ्या जिभेवर आलं होतं. सांगितलं असतं तर लय गोड वाटलं असतं दोघींना. लीलानं माझ्याकडं टक लावून बघितलं. रागावली म्हणलं. पण गाडी हलली तवा खिडकीला हात लावून म्हणली, "जमायलंय तुमाला. पुढच्या महिन्यात या."

तुमाला वचन देते. रेखानं जे मागितलंय ते मी रोज मागीन, ओठ न हलवता. आन ते तिला मिळालं, तर गावात सगळे म्हणतील, कसं झालं ग हे, कुणाच्या पुण्याईनं? तवा मी बी त्यांच्यासारखंच नवल करीन.

तुमची थोरली सून,
शांता