अनुपान : कोमट पाणी

१४ मार्च, सकाळी

चि. धाकटीस ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. दुकानाची नवी पाटी लागली का? भाचीची परीक्षा कशी झाली? माझं अक्षर पाहून हसू नकोस. लहानपणी तुझे असेच कोंबडीचे पाय उमटायचे आणि मी हसायची, आता फिटंफाट.

पत्ता बदलला आहे. सध्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथपालबाईंकडे राहते. त्या पुस्तकांचा तगादा लावतात, माणसांचा नाही.

तर तुझ्या गोळ्यांबद्दल. पाळी थांबल्यापासून माझं काय चाललं होतं ते तुला ठाऊक आहे. शिकवता शिकवता घशाशी रडू यायचं, उगाच धडधड, झोपेचं खोबरं. "ताईला शांत करणारं काहीतरी पाठव," असा तुझ्या भावोजींचा फोन आला आणि तू झाडपाल्याच्या गोळ्यांची डबी पाठवलीस. नवरा बायकोसाठी औषध मागवतो, याचं तुला कोण कौतुक! मलाही वाटलं. एकाच आईच्या लेकी, भोळेपणा वाटून घेतलेला.

गुण आला गं. रडू आटलं, झोप लागू लागली. गोळ्यांचा गुण की काळाचा, ते तू ठरव, धंदा तुझा आहे. राग तेवढा जागचा हलला नाही. बाकीचा गाळ खाली बसल्यावर तो लख्ख दिसू लागला. तो वयाचा नव्हताच. त्याचं वय आमच्या लग्नाएवढं.

बरं वाटलं म्हणून मी गोळ्या थांबवल्या. उलट बोलणं थांबवलं नाही. गोळी कशाबरोबर घ्यायची ते तू चिठ्ठीत लिहिलं होतंस, "अनुपान : कोमट पाणी." इकडे अनुपान बदललं. गुरुवारी स्वयंपाकघरात त्यांनी केस धरून माझं डोकं मागे ओढलं आणि जबडा दाबून गोळी कोंबली. "गीळ. आ कर. जीभ दाखव."

मी दात दाखवले. त्यांच्या बोटातलं हाड लागेपर्यंत.

मग त्यांनी माझा उजवा हात ओट्याखालच्या ड्रॉवरमध्ये धरला आणि ड्रॉवर लाथेने बंद केला. पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. डाव्या हाताला खलातला बत्ता लागला, तो त्यांच्या गुडघ्यावर घातला. सुकं लाकूड फुटावं तसा आवाज झाला. मला वाईट वाटायला हवं होतं. अजून वाट पाहते आहे.

दवाखान्यात एकाच गाडीतून गेलो, संसारी माणसं. शेजारच्या खाटेवरून ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "या वयात बायकांचं डोकं फिरतं हो. हिच्या बहिणीचं औषध चालू आहे, तिलाच विचारा."

मी म्हटलं, "जरूर विचारा."

तक्रार दिली आहे. तेव्हा पोलीस तुझ्याकडे येतील, त्याआधी बहुधा तेच येतील, लंगडत. तुला ते कायम देवमाणूस वाटले. भर उन्हाळ्यात मी लांब बाह्यांचे ब्लाउज घालायची, तेव्हा "आल्या पंडिताबाई!" म्हणून तूच चिडवायचीस. त्या बाह्यांखाली काय होतं, ते आता तुला कळलं असेल. तू "हो, ताई भ्रमिष्ट झाली होती" म्हणालीस, तर माझी बोटंही वयामुळेच मोडली असं ठरेल. माझ्या बाजूने खोटं बोलू नकोस. एवढंच सांग, की गोळ्या झोपेसाठी आणि रडण्यासाठी दिल्या होत्या. मारासाठी नव्हत्या.

उरलेली डबी सोबत पाठवते. भावोजी आले की त्यांना दे, शांत होतील. आ मात्र त्यांचा त्यांनाच करू दे.

डाव्या हाताने, पूर्ण शुद्धीत,
तुझी ताई