हिरवा चेहरा

सोमवार, ३

दाखल्यांच्या कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान, म्हणून मी 'जाणकार नागरिक'! साहेबांनी मूल्यमापन समितीवर घेतलं. काम सोपं – कचेरीतलं नवं दाखल्याचं मशीन लोकांना आवडतं का ते बघायचं आणि सही ठोकायची. पडद्यावर खाली तीन चेहरे: हिरवा हसरा, पिवळा गप्प, लाल रडका. साहेब म्हणाले, "सत्त्याण्णव टक्के हिरवे! आता खिडकी हवी कशाला?"

त्या खिडकीत एकवीस वर्षं बसते ती आमची ही. खिडकी बंद, की हिची बदली मोठ्या शहरात. लेक तिकडेच असते म्हणा. पण माझं काय?

मंगळवार, ४

दिवसभर कचेरीच्या बाकावर. बावीस माणसं मशीनकडे गेली, त्यातली एकोणीस मशीनला शिव्या घालत खिडकीशी आली. एक आजी मशीनला सांगत होत्या, "अरे बाबा, चारदा दिला ना नंबर!" मग माझ्याकडे वळून – "बहिरं आहे का हो हे?"

चेहरा दाबला दोघांनीच. दोन्ही लाल. मग ते सत्त्याण्णव टक्के आले कुठून?

जेवताना हिला सांगत होतो. म्हणाली, "मशीनकडे बरं एवढं लक्ष! भाजीत मीठ नाही, हे तरी कळलं का?"

खरंच नव्हतं.

गुरुवार, ६

सापडलं! हिरवा दाबला की मशीन 'टिंग' करतं, लाल दाबला की 'ठुंग'. टायपिंगवर पोट भरलेला माणूस मी, नुसत्या आवाजावरून कुठली कळ अडकते ते सांगायचो. आज कचेरी उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसलो. आतून टिंग टिंग टिंग टिंग! चाळीसपर्यंत मोजले. दाराच्या काचेतून बघतो तर शिपाई मशीन पुसतोय! ओलं फडकं, हिरव्या चेहऱ्यावर, गोल गोल.

हटकलं तर म्हणतो, "स्वच्छता नको का, काका?"

शुक्रवार, ७

समितीत सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा आधी पिवळा, मग लाल. "हे लिहायलाच हवं का?"

म्हटलं, "साहेब, मत फडक्याचं धरायचं, तर दाखलाही फडक्यालाच द्या!"

समितीतल्या निवृत्त शिक्षिकाबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मशीन दुरुस्तीला. खिडकी राहिली! हिच्या बदलीचा कागद साहेबांनी माझ्यादेखत फाडला.

घरी येऊन ऐटीत सांगितलं. "बरं," म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली. कपडे तर सकाळीच वाळत घातले होते.

शनिवार, ८

शिपाई झेरॉक्सला आला. सहज विचारलं – काय रे, लालवर एकदाही कसं फडकं गेलं नाही?

"काकूंनीच तर सांगितलं होतं, रोज हिरवा तेवढा नीट घासून पूस. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

माळ्यावरून जुना टाइपरायटर काढला. पुसला. बदलीचा अर्ज कसा करतात, मला पाठ आहे.