पडद्यावरचा हात

३ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

बाबांची तब्येत कशी आहे? इथे बाबांच्या कॉमिक्समधल्या झगेवाल्याच्या सिनेमाने माझा पिट्टा पडलाय. संगणकावरच्या मंडळींनी झगा इतका फडफडवलाय की माणूस उडतोय की झगा, तेच कळत नाही. शेवटी मी त्यांना आपली जुनी कॉमिक्स दाखवली. बाबांच्या चित्रात झगा ओल्या चादरीसारखा जड पडतो, म्हणून तर उडी खरी वाटते. कागद स्वस्त, लाल रंग रेषेबाहेर सांडलेला, आणि तरी चार काळ्या फटकाऱ्यांत मुठीतली हाडं दिसतात. सगळे बघतच राहिले.

आता मुद्दा. सिनेमाची सुरुवात बाबांच्या हाताने करायची, असं दिग्दर्शकाच्या मनात आहे. फक्त हात, कुंचला आणि कागदावर उमटणारा झगेवाला. वीस तारखेला तिघेजण घरी येतील. तू नको म्हणशील हे ठाऊक असल्याने मी आधीच होकार देऊन टाकलाय. रागावू नकोस, माया पातळ करू नकोस.

तुझा चष्मिष

९ फेब्रुवारी

चि. चष्मिष यास अनेक आशीर्वाद.

न विचारता होकार देण्याची खोड थेट बापाकडून आली तुझ्यात. दादाचा हात थरथरतो हे मी मागेच कळवलं होतं. त्यावर तू लिहिलंस, की गेल्या महिन्यातल्या मुखपृष्ठावर तर थरथर कुठे दिसत नाही. हसावं की रडावं मला कळेना.

ते मुखपृष्ठ मी काढलं, बाळा. दादा आजारी पडला त्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून सगळंच मी काढते. त्याआधीही चेहरे तेवढे त्याचे. झगे, मुठी, सावल्या माझ्या. प्रकाशकाला बाईचं नाव नको होतं, दादाला काम हवं होतं आणि मला चित्रं. बाहेरून कडी कुणी घातली नाही, मीच आत बसले. आता दारावर थाप पडली की कुंचले पलंगाखाली सारते. या वयात लपाछपी शोभते का? फार कोंडल्यासारखं होतं रे. सिनेमात एका ओळीत माझं नाव येऊ दे, एवढंच मागते. दादाची हरकत नाही, उलट तोच मागे लागलाय.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी आत्या

१४ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस कामावर गेलो नाही. लहानपणापासून ज्या रेषेवर जीव टाकला ती तुझी होती, आणि त्याच हातांनी तू मला न्हाऊ घालायचीस. मला माझीच लाज वाटली.

पण सगळी चित्रं स्वतःच्या हातची आहेत, असं लिहिलेल्या करारावर बाबांची सही आहे. आता हे बाहेर आलं तर सिनेमा अडेल, आणि मला इथे घेतलं तेच त्यांचा मुलगा म्हणून. एवढ्या वेळी सांभाळून घे. बाबा आजारी असल्याने हात त्यांच्या बहिणीचा असेल, तिला नक्कल बरी जमते, असं मी दिग्दर्शकाला कळवलंय. नक्कल हा शब्द माझाच. बाबांचा पांढरा सदरा घाल. पुढच्या सिनेमाच्या वेळी मी नक्की बोलेन.

आशीर्वाद मागायला तोंड नाही, तरी मागतो.

चष्मिष

२१ फेब्रुवारी

चि. चष्मिष यास आशीर्वाद.

काल मंडळी येऊन गेली. मी दादाचा सदरा घातला, नखं कापली. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं म्हणतात, इथे नुसत्या बाहीवर भागलं. सात वेळा काढायला लावलं. नक्कल जवळपास जाते, असं कॅमेरावाले गृहस्थ कौतुकाने म्हणाले.

दादा पलंगावरून बघत होता. सातव्या वेळी त्याने हाक मारली. त्याचं बोलणं अडखळतं, पण काल शब्द स्वच्छ आले. कॅमेरा वर घ्या, म्हणाला, तिचं तोंड दाखवा, पहिल्या पानापासून हात तिचाच आहे. दिग्दर्शकाने मला विचारलं, खरं का हे?

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी किती वर्षं थांबले होते. मला तू आठवलास. मी सांगितलं, त्याला हल्ली भ्रम होतो.

त्यांनी समजुतीने मान हलवली आणि सामान आवरलं. दादा तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलाय, माझ्या हातचं पाणीही घेत नाही. तुझी काळजी मिटली. आता त्याने कितीदा सांगितलं तरी कुणी खरं मानणार नाही.

माया आहे तेवढी राहू दे.

तुझी आत्या