सर्व्हरवरचं हिरवं पाकीट

११ सप्टेंबर, बुधवार

एकच तुकडी! सत्राच्या पहिल्याच बैठकीत विभागप्रमुख कांग यांनी चहाचा घोट घेत सांगून टाकलं. फेब्रुवारीपासून ‘डेटाबेसची ओळख’ हा विषय एकाच तुकडीला. मुलंच जन्माला येत नाहीत तर कॉलेजात येणार कुठून? यंदा माझ्याकडे अठरा मुलं, लो युन-चिएनकडे तेवीस. वीस नोव्हेंबरला दोघांचा एकेक खुला तास. समिती मागे बसणार, एकाला निवडणार. दुसरा जाईल संध्याकाळच्या शाखेत, टायपिंग शिकवायला.

चोवीस वर्षं मी हा विषय शिकवते आहे. आणि लो युन-चिएन? तेरा वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायचा. त्याचं अक्षर चिरडलेल्या डासांसारखं. एकदा त्याचा पेपर न वाचता परत दिला होता मी.

बैठकीनंतर जिन्यात भेटला. म्हणतो, “बाई, मला टायपिंग शिकवायलाही आवडेल हं.”

टोमणा! हसत हसत मारलेला टोमणा!

१८ सप्टेंबर, बुधवार

पहिला तास. दरवर्षीसारखीच उभी राहिले, फळ्यावर काही न लिहिता. म्हटलं, “मुलांनो, ज्याच्या हातात यादी, त्याच्या हातात माणसं. माझ्या वडिलांचं नाव एका सरकारी फाइलीत होतं. कुणी लिहिलं, का लिहिलं, कधी पुसलं, आम्हाला कळलंच नाही. टेबलाला रकाने किती असावेत हा तांत्रिक प्रश्न नाही. तो न्यायाचा प्रश्न आहे! जिथे रकाना नाही, तिथे माणूस नाही!”

विशीत मी चौकात हजारोंसमोर बोलले आहे, भोंग्याशिवाय. आवाज अजून तोच आहे.

पहिल्या बाकावरच्या छिऊ यू-हाननं हात वर केला. मला वाटलं, पेटली पोरगी! “बाई, हे परीक्षेला येणार का?”

पलीकडच्या खोलीत हशा. तिथे लो शिकवत होता.

२५ सप्टेंबर, बुधवार

आज त्याच्या दाराबाहेर उभी राहिले. लिहायलाही लाज वाटते — पण राहिले. सात-आठ मिनिटं. हातात कागद धरला होता, कुणी पाहिलं तर नोटीस वाचतेय असं वाटावं म्हणून.

तो चहाच्या दुकानाच्या ऑर्डरी शिकवत होता! एक लांबलचक वही: नाव, फोन, कुठला चहा, साखर किती, बर्फ किती.

“ही यू-शान ताई. आठवड्यात पाचदा येते. पाचदा तिचा फोन लिहिला. आता तिनं नंबर बदलला. मी चार ठिकाणी दुरुस्त केला, पाचव्या ठिकाणी विसरलो. तिचा चहा तयार झाला. फोन कुणाला जाणार?”

“जुन्या नंबरवाल्याला!”

“तो कोण?”

“तिचा आधीचा मित्र!” कुणीतरी ओरडलं. सगळा वर्ग बाकं बडवायला लागला.

“मग काय करायचं? माणसं वेगळ्या टेबलात. ऑर्डरी वेगळ्या टेबलात. ऑर्डरीत फक्त तिचा क्रमांक. नंबर बदलला तर एकाच जागी बदलायचा. आधीच्या मित्राची सुटका!”

हेच समजावायला मला दोन तास लागतात. त्यात दोन क्रांत्या आणि एक राज्यघटना येते.

फुसका आहे. वरवरचा आहे. साखर आणि बर्फ!

घरी येताना अर्धी साखर, कमी बर्फ सांगून चहा घेतला. छान होता. त्याचाही राग आला.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या शिक्षक दिन, शनिवार म्हणून आजच साजरा झाला. माझ्या टेबलावर तीन कार्डं. लोच्या टेबलावर मी मोजली नाहीत. सतरा.

३० सप्टेंबर, सोमवार

प्रयोगशाळेतल्या सर्व्हरवर पुन्हा ते हिरवं पाकीट. मक्याचा, नारळाच्या चवीचा कुरकुरीत खाऊ, ज्याच्या नावाचाच अर्थ ‘शहाणं राहा’; म्हणजे यंत्रही शहाण्यासारखं चालेल, बिघडणार नाही! या बेटावर यंत्र तिथे पाकीट. बँकेत, दवाखान्यात, टोलनाक्यावर, सगळीकडे. हिरवंच हवं, पिवळं ठेवलं की यंत्र बिघडतं म्हणे! मुदत संपलेलं चालत नाही. आणि फोडून खायचं तर मुळीच नाही! पोरं त्यावर मार्करनं नावं लिहितात, मागणं लिहितात. इंजिनियर होणारी पोरं!

दरवर्षी मी यावर पंधरा मिनिटं बोलते. तर्क शिकवायचा आणि तर्काच्या डोक्यावर खाऊ ठेवायचा? यंदाही बोलले. छिऊ म्हणाली, “बाई, तुम्ही म्हणता ते पटतं. पण ठेवायला काय जातं?”

लोनं आणलंय म्हणे हे पाकीट. अर्थातच.

१६ ऑक्टोबर, बुधवार

लो विचारतो, “बाई, बुधवारी सकाळी मोकळा असतो. तुमच्या तासाला मागे बसू का?”

“कशाला?”

“पुन्हा ऐकावंसं वाटतं.”

नाही म्हटलं. हेर! माझी वाक्यं उचलायची आणि चहात घोळून विकायची!

२३ ऑक्टोबर, बुधवार

दुपारी प्रयोगशाळेत एकटीच होते. मुलं टर्की-भात खायला गेली होती. सहज पाकिटाकडे पाहिलं. सहज नाही — पाहायलाच गेले होते. पुढची बाजू नावांनी गच्च भरलेली. त्याची तेवीस, ती असणारच. पण मधूनमधून माझीसुद्धा! छिऊ यू-हान! साय पो-रुई! मोजली. अकरा. अठरापैकी अकरा जणांनी त्याच्या पाकिटावर सह्या केल्या, आणि माझ्या तासाला माझ्याकडे बघून माना डोलावल्या!

सात राहिले. सात निष्ठावान.

मग मी ते फोडलं.

का, ते मला सांगता येणार नाही. येतं, पण लिहायचं नाही. फोडलं आणि माझ्या कीबोर्डशेजारी उभ्याउभ्या सगळं खाल्लं. गोड होतं, तोंडात विरघळत होतं, नारळाचा वास होता. बोटं तेलकट झाली. रिकामं पाकीट तिथल्या कचऱ्यात टाकता येईना, कुणी पाहिलं असतं. घडी घालून माझ्या खणात, जुन्या उत्तरपत्रिकांखाली दडपलं.

चोपन्न वर्षांची बाई! चौकात भाषणं केलेली बाई!

२४ ऑक्टोबर, गुरुवार

सर्व्हर ठीक चालला आहे. अर्थात चालणारच! ते यंत्र आहे.

६ नोव्हेंबर, बुधवार

अजून ठीक. पाकीट नाही याकडे कुणाचं लक्षही गेलेलं नाही. अंधश्रद्धाही वरवरचीच यांची.

साय पो-रुईनं विषय सोडला. अकरांपैकीच एक. वाईट वाटलं नाही असं लिहिणार होते, पण वाटलं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

खुल्या तासाची तयारी. विषय ठरवला: नोंद काढून टाकणं. यात माझं सगळं येतं. माणसाला यादीतून काढणं म्हणजे काय, तो अधिकार कुणाला, त्याची अट कुठली. दोन्ही तुकड्यांच्या प्रकल्पांचं एकच टेबल आहे, एक्केचाळीस ओळी. त्यातली साय पो-रुईची ओळ समितीसमोर प्रत्यक्ष काढून दाखवायची. वर्ग थरारला पाहिजे.

आरशासमोर दोनदा बोलून पाहिलं. लोला बापजन्मात जमणार नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

लिहिते. लिहिलंच पाहिजे.

मागच्या बाकावर कांग आणि समितीचे दोघे. मी सुरुवात केली आणि पहिल्या पाच मिनिटांत वर्ग शांत झाला. खरंच शांत! छिऊनं फोन उलटा ठेवला. मी वडिलांची फाइल सांगितली. म्हटलं, “काढून टाकणारा हात नेहमी म्हणतो, मी एकालाच काढतोय!” आणि तोंड वर्गाकडे, पाठ पडद्याकडे, बोलता बोलता आज्ञा टाइप केली आणि बटण दाबलं.

कुणाला काढायचं ती अट लिहायचीच राहिली होती.

पडद्यावर आलं: एक्केचाळीस ओळी काढल्या.

चोवीस वर्षं मी प्रत्येक तुकडीला बजावत आले आहे — आधी अट, मग आज्ञा! आणि मीच! टेबल रिकामं. दोन महिन्यांचं सगळ्यांचं काम.

कुणीतरी हळूच म्हणालं, “संपलं.” मग छिऊचा आवाज, “अरे, सर्व्हरवर पाकीट कुठंय? पाकीटच नाहीये!” आणि सगळा वर्ग, समितीसुद्धा, काचेपलीकडच्या सर्व्हरकडे बघायला लागला.

कुणीतरी धावत जाऊन लोला घेऊन आलं. त्यानं मला बाजूला व्हा म्हटलं नाही. शेजारी वाकून उभा राहिला. माझ्या कीबोर्डच्या फटीत बारीक पिवळसर चुरा अडकला होता. दुसरा कुठला असणार! त्यानं तो हलकेच फुंकून काढला. माझ्याकडे पाहिलं नाही.

“सर, पाकीट कुणी काढलं?” पोरं विचारतच होती.

“मी काढलं,” तो म्हणाला. “मुदत संपली होती. नवं आणायचं राहिलं.”

खोटं! सगळ्यांसमोर, माझ्यासाठी!

मग म्हणाला, “सकाळी सहाची नक्कल आहे, बाई. रोज घेतो. तुम्हीच आम्हाला सांगितलं होतं — जिची नक्कल नाही ती नोंद नव्हे, अफवा.”

वीस मिनिटांत एक्केचाळीसच्या एक्केचाळीस ओळी परत आल्या. वर्गानं टाळ्या वाजवल्या. त्याला.

माझंच वाक्य. त्याच्या तोंडी जास्त शोभलं. मेलं तेही!

दुपारी त्याचा खुला तास झाला. मी गेले नाही. हशा जिन्यापर्यंत आला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

जेवणाच्या खोलीत लो समोर येऊन बसला. मी भातावरचं मांस तेवढं खाऊन उठणार होते.

“बाई, काल पहिली वीस मिनिटं मी दाराबाहेर उभा होतो.”

“पडद्यावर काय होतंय ते बघायला?”

“ऐकायला. मला असं बोलता येत नाही. मी फक्त चहा विकतो.”

किती गोड! किती नम्र! यालाही हेवा वाटतो असं दाखवायचं, म्हणजे माझ्या हेव्याची लाज आणखी वाढेल!

२६ नोव्हेंबर, मंगळवार

तुकडी लोला.

कांगनी बसायला सांगितलं, तेव्हाच कळलं. “फांग बाई, तुमच्या पहिल्या वीस मिनिटांसारखं मी आयुष्यात ऐकलं नाही. पण समितीला तेवढं एकविसावं मिनिटच आठवतं आहे.” मग खाली बघून म्हणाले, “लो वाद घालत होता. म्हणाला, बाईंना द्या. मीच त्याला गप्प केलं.”

वाद घालत होता! जिंकूनसुद्धा माझ्याहून मोठा! एक गोष्ट तरी वाईट करावी माणसानं!

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

टेबल सोडायचं म्हणून खण आवरला. उत्तरपत्रिकांखाली ते रिकामं पाकीट. टाकता टाकता उलटून पाहिलं. मागची बाजू मी कधी पाहिलीच नव्हती.

चिरडलेल्या डासांसारखं अक्षर. या वेळी प्रत्येक शब्द वाचला.

“शहाणं राहा. आणि पुढच्या सत्रात फांग बाईंचीच तुकडी राहू दे. पुढच्या बाजूच्या सगळ्यांचं हेच मागणं — जागा पुरली नाही म्हणून उरलेले इथे.”

खाली सात नावं. माझी सात.

आणि मी ते खाल्लं.