डाळिंबी लुगड्यावरचे डाग

१४ नोव्हें. १९९५
शाळेला निघताना नगरपालिकेचा माणूस दारात. पावसाने विहीर गढूळ, म्हणून ब्लीचिंग पावडर टाकली, जरा जास्तच. म्हणाला, दोन दिवस या पाण्यात रंगीत कपडे नकोत, घरात सांगा. हो म्हटलं. बस गाठायची होती.

१५ नोव्हें.
सांगायचं राहिलं. सासूबाईंनी काल सोवळ्याचं डाळिंबी लुगडं विहिरीच्या पाण्यात भिजवलं. आज वाळत घातलं तर पदरापासून निऱ्यांपर्यंत पिवळट डाग. घरात वॉशिंग मशीन आलं, पण सोवळ्याला विहिरीचंच पाणी, हा त्यांचा नेम. मामंजींनी त्यांना घेतलेलं शेवटचं लुगडं. मामंजींच्या श्राद्धाला तेच नेसतात.
बराच वेळ बघत राहिल्या. मग न्हाणीघरातली ब्लीचची बाटली उचलून म्हणाल्या, "रिठ्याचं पाणी समजून हेच ओतलं गे मी."
मी गप्प. का, देव जाणे.

१६ नोव्हें.
रंगाऱ्याला दाखवलं. डाग झाकले जातील, म्हणाला, पण कापड विरलंय, हात लावत नाही. परत आणलं.
आज तरी सांगायला हवं होतं. वर्गात दिवसभर खोटं बोलू नका म्हणून मुलींना शिकवते. लाज वाटते.

१८ नोव्हें.
हे जेवताना चेष्टेत म्हणाले, आईचा चष्मा बदलायला झाला. त्या हसल्या नाहीत. दुपारी तांदूळ निवडले आणि सूप माझ्यापुढे सरकवलं. खडा राहिला असेल, बघ म्हणाल्या. एरवी त्यांच्या सुपाला कोणी हात लावलेला खपत नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२१ नोव्हें.
श्राद्ध तीन दिवसांवर. "यंदा स्वयंपाक तूच कर. माझ्या हातून भलतंच काही पडलं तर?"
लग्न होऊन आले तेव्हापासून श्राद्धाच्या दिवशी त्यांनी मला चुलीपाशी येऊ दिलेलं नाही. रुसायची मी त्यावरून.

२२ नोव्हें.
सांगितलं. तो माणूस, पावडर, बस, माझं विसरणं, नंतरचं गप्प बसणं, सगळं. शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पाठीवर हात ठेवला.
"मला बरं वाटावं म्हणून बोलतेस. सेरी, असू दे. उडीद भिजवायचं विसरू नको."
शपथ घेतली. तरी नाहीच.
त्याच दिवशी बोलले असते तर भांडल्या असत्या, आठवडाभर अबोला धरला असता. आज उलट माझीच समजूत घालून गेल्या. श्राद्ध परवा. उडीद भिजवलेत. कसं पटवू, कळत नाही.