लूशियसने काढलेली पाठ

२८ फेब्रुवारी १९२७, सोमवार
तीन दिवस झाले, पुतळ्यासारखी बसतेय. माडीवरचा भाडेकरू लूशियस माझं चित्र काढतोय. चर्चला जायची निळी टोपी, हातमोजे, सगळा थाट! पण रिकामं बसलं की अंगाला मुंग्या येतात. खालचा ट्रम्पेटवाला मेला सकाळपासून एकच तान घोटतोय. त्यालाही पुढचं सापडेना, आम्हालाही.
"आजी, जरा श्वास घ्या."
"घेतेय! तू काढ."
धुणं धुताना काढू का, म्हणे. एकेचाळीस वर्षं गोऱ्यांची धुणी धुतली ती भिंतीवर टांगून घ्यायला? म्हटलं, टबापाशी फिरकलास तर रंगाच्या डब्यांसकट जिना उतरशील!

३ मार्च
कंबर धरली. चित्रातली बाई मढ्यासारखी दिसते.

१३ मार्च, रविवार
चर्च सुटल्यावर सगळ्याजणी वाचनालयात गेलो. हार्लेममधल्या आपल्या काळ्या पोरांच्या चित्रांचं प्रदर्शन. निळी टोपी घालून मीच पुढे!
भिंतीवर मी. टबावर वाकलेली, बाह्या वर, डोक्याला फडकं. खाली पाटी – "धुणंवाली".
चोरून काढलं मेल्याने!
आमच्यातली ओफीलिया म्हणाली, "हेस्टर, पाठ मात्र तुझीच गं." सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येईस्तोवर आवळून आवळून दात दुखायला लागले.

१४ मार्च
लूशियसला जिन्यातच गाठलं.
"टोपीतली बाई मेलेली होती, आजी. ही जिवंत आहे."
"जिवंत आहे म्हणूनच विचारायचं होतंस!"
मान खाली घालून म्हणाला, शुक्रवारी परीक्षक येणार. पहिला नंबर आला तर वर्षभर पॅरिसला शिकायला. "तुम्ही म्हणाल तर चित्र उतरवून आणतो. तोंडातून शब्द काढणार नाही."
म्हणजे पोराचं पॅरिस माझ्या जिभेवर! बरा आहे.

१६ मार्च
त्याच चादरी दोनदा धुतल्या. कशात लक्ष नाही. नात ओडेसा म्हणते, "उतरवायला लाव, आजी. गोऱ्यांना आपण वाकलेलेच आवडतो."
खरं आहे. पण ती पाठ कोणी वाकवलेली नाही. ओझं उचलायला निघालेली पाठ आहे. हे ओडेसाला सांगितलं नाही. उगाच डोळ्यांत पाणी आणेल.

१७ मार्च
गोऱ्या बाईकडे इस्त्रीचे कपडे पोचवले. पंधरा वर्षं जातेय. तिची सून माझ्या नातीएवढी, तिला सगळे "मिसेस" म्हणतात. मला मात्र, सगळ्या काळ्या बायकांसारखं, नुसतं – "आंटी, मागच्या दाराने!"
घरी येऊन बसवेना, उभं राहवेना.

१८ मार्च, शुक्रवार
परीक्षकांच्या आधी पोचले. लूशियस चित्राशेजारी उभा, तोंड उतरलेलं. वाटलं असेल, म्हातारी चित्र उतरवायला आली. मी पाटी उतरवली. पाठच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिलं – मिसेस हेस्टर पेटीफोर्ड – आणि परत लावली.