मधल्या अंगाची लांबी

बल्लारपूर
ता. ९ नोव्हेंबर १९५४

तीर्थस्वरूप मनसारामभाऊंचे सेवेशी, धाकटा भाऊ घनश्याम याचा सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. वहिनींनी दिलेली लाखोळीची डाळ अजून पुरते आहे.

चिंतेची गोष्ट अशी. ठेकेदाराच्या शेडमध्ये मला पत्र्याच्या आखणीवर घेतले, त्याला महिना झाला. बेचाळीस इंच रुंद धुराड्याला बाहेरून बसवायचे कडे होते. पत्रा तीन सूत, म्हणजे अर्ध्या इंचाला एक सूत कमी, एवढा जाड. बेचाळीसला बाविसाने गुणून साताने भागले, एकशे बत्तीस इंच आले. तीनदा तपासले. तेवढा पत्रा कापून, भोके पाडून, रोलवर वळवला आणि धुराड्याभोवती लावला, तर दोन टोकांत जवळजवळ सव्वा इंच फट राहिली. आमचे इतवारी मिस्त्री म्हणाले की, घनश्यामला पाढे येतात, पण पत्र्याला येत नाहीत. सगळे हसले.

भोके आधी पाडतात, म्हणून पत्रा लांब ठेवून नंतर छाटता येत नाही. आता एकच पत्रा उरला आहे. तो २२ तारखेला कापायचा. तोही बिघडला तर मी गावी परत जावे, असे मिस्त्रींनी शांतपणे सांगितले. तुम्ही गाडीच्या चाकाची लोखंडी धाव कापता, ती कोणत्या हिशेबाने, ते कृपा करून कळवावे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
घनश्याम


ब्रह्मपुरी
ता. १५ नोव्हेंबर १९५४

चि. घनश्यामास मनसारामचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. इतके वर्ष तुले भात्यापाशी बसवलं, तू काय पाहून राह्यला होता? पुस्तक पाहत असशील.

नीट आयक. मी चाक पट्टीवर खुणेपासून खुणेपर्यंत फिरवतो. तेवढी लांबी, अन् वर पट्टीच्या जाडीची तिप्पट, अन् थोडं अजून. काऊन, तर लोखंड वाकलं का बाहेरचं अंग ताणते, आतलं चेंगरते. मधलं अंग तेवढंच राह्यते. तू आतल्या अंगाची लांबी धरली, म्हणून फट पडली. मधल्या अंगाची धर. मग त्यातून बोटभर कमी करून काप.

इकडं सगळं ठीक. अक्षर वाकडं आहे, टाक खराब आहे. जेवणाची हयगय करू नको.

तुझा भाऊ,
मनसाराम


ब्रह्मपुरी
ता. १६ नोव्हेंबर १९५४

चि. घनश्यामभाऊजींस मनकर्णावहिनीचा आशीर्वाद.

हे पत्र अर्धं यांच्या सांगण्यावरून अन् अर्धं माझ्या मनानं.

काल हे तुमच्या नावचं पत्र पेटीत टाकून आले, अन् जेवता जेवता यांचा हात थांबला. म्हणाले, चूक झाली. धाव तापवून चढवतात, थंड होताना ती चाकाले आवळते, म्हणून बोटभर कमी. घनश्यामचं कडं थंडच बसणार. त्याले कमी करायचं नाई. तू लिही, माझ्यानं आता टाक धरवत नाई.

टाक खराब नाई, भाऊजी. दिवाळीपासून यांच्या उजव्या कोपरात जोर नाई. चार चाकं धावेविना अंगणात पडून आहेत, अन् धान निघालं का लोक गाड्या मागतील. घण मी उचलून पाहिला. दोन घावांत मी थकून खाली बसले, तर हे म्हणाले, लोखंड राहू दे, तू ऐरण मोडशील.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी यांना म्हटलं होतं का उत्तर देऊ नका, दुसरा पत्रा बिघडला का घरी येतील. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाई. मग टाक मागितला.

ही बोटभराची गोष्ट मी लिहिली नसती, तर यांना कळलंही नसतं. पण लिहिली. बाकी तुम्ही समजदार आहात.

माया राहू द्या.
मनकर्णा


बल्लारपूर
ता. २४ नोव्हेंबर १९५४

सौ. वहिनींस घनश्यामचा सा. न. वि. वि.

तुमचे पत्र शुक्रवारी मिळाले. तोवर मी पत्र्यावर बोटभर कमीची रेघ खडूने मारून ठेवली होती. ती पुसली. बिघडलेल्या पत्र्याची एक पट्टी कापून, वाकवून, आतून-बाहेरून मोजली. भाऊ म्हणतात तसेच निघाले. मग एकशे बत्तिसात जाडीची तिप्पट आणि थोडे अजून मिळवून एकशे तेहेतीस इंच दीड सूत अशी रेघ मारली.

सोमवारी कडे बसले. मिस्त्रींनी जोडावर नख फिरवून पाहिले. मग पुढच्या कड्याचे माप माझ्या हातात दिले. माझी जागा राहिली.

मी चार दिवसांची सुटी मागितली, ती मिळाली. ३ डिसेंबरला येतो. चारही चाके त्या दिवसांत होतील. धावा तापवायला गोवऱ्या तेवढ्या वाळवून ठेवाव्यात. घण मी मारीन, भाऊंनी नुसते सांगावे. कोपराबद्दल मला कळले आहे, हे त्यांना आधी सांगू नये. मी स्वतः विचारीन.

पाचव्या दिवशी मी परत बल्लारपूरला जाईन. पुढच्या चाकांसाठी कोणी माणूस पाहावा लागेल. हे तोंडाने सांगणे मला जमणार नाही, म्हणून लिहून ठेवतो. तुम्ही मला थांबायला सांगू नये. तुम्ही सांगितले तर मी थांबेन.

आपला,
घनश्याम